पंचवीस पावलांच्या आत

उद्यमबागेत भरमा हुंदरेनं लेथवर
पितळेची एक रिंग कातून दिली,
जुनी रशियन लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसावी म्हणून.
दोनशे रुपये. वर चहा मीच पाजला.
रिंग केसाएवढी जाड झाली.
त्यामुळे लेन्सवरच्या त्या आडव्या आठपर्यंत,
जिथं अनंत म्हणतात तिथवर फिरवत नेलं
तरी पंचवीस पावलांपलीकडचं
काहीच स्पष्ट येत नाही.
"घासून देऊ की," भरमा म्हणाला.
"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.
का म्हटलं, अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हापासून किल्ल्याचा तट माझ्याकडे नाही.
यळ्ळूरचा गड नाही,
कपिलेश्वराच्या पुलावरून दिसणारी घरांची उतरंड नाही.
सगळं ताकात पडल्यासारखं.

डिसेंबरात लेन्समधलं ग्रीस गोठतं,
बोटांना हिसका द्यावा लागतो.
मग मी लेन्स स्वेटरच्या आत काखेत धरतो
आणि खडेबाजारात उभा राहतो,
अंडं उबवणाऱ्या माणसासारखा.
दस्तगीर चावीवाला आता हसतही नाही.
त्याच्या कानशीखालचा भुगा
एका बाजूनं पेटलेला दिसेपर्यंत
मी रिंग हलवत राहतो,
थोडी पुढं, जास्त झालं, मागं,
तोवर गिऱ्हाईक चावी घेऊन गेलेलं असतं
आणि दस्तगीर एकटा
रिकाम्या शिकंज्याकडं बघत असतो.
तो फोटो येतो.
जो काढायचा होता तो नाही,
त्याच्या नंतरचा.

वडगावात मागावरनं उठून
दारात येऊन बसलेली निंगव्वा.
केसांत सुताचा तुकडा, तिला ठाऊक नसलेला.
सांगावं की काढावा फोटो?
आधी काढला. मग सांगितलं.
हे बरोबर केलं नाही.

दुसऱ्या रेल्वे गेटला, गेट पडलेलं असताना,
सायकलला आरसा बांधून थांबलेला एक जण.
आरसा माझ्यापासून चार पावलांवर,
त्याच्या कडेचा तडा लख्ख दिसत होता.
पण आरशातला सिग्नल मात्र पुसट.
कितीही फिरवलं तरी पुसटच.
लांबचं आरशात आलं म्हणून
जवळचं होत नाही.
सिग्नल पडला, माणूस गेला,
मी रुळांच्या कडेला हे घोकत बसलो.

मग गणपत गल्लीत, दिवेलागणीला,
ईरण्णा पेंटर.
समोर नवा बोर्ड, कन्नडमधला, ओला.
मागं भिंतीला टेकवून ठेवलेला
त्याच दुकानाचा जुना बोर्ड, मराठी,
वीस वर्षांच्या उन्हात विटलेला.
"दोन्ही माझंच अक्षर," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

ॲपर्चर उघडं ठेवलं तर एकच बोर्ड येत होता.
पुढचा धरला की मागचा विरघळायचा,
मागचा धरला की पुढच्याची नुसती निळाई.
म्हणून आठ. म्हणून अकरा. टिक, टिक.
उजेड एवढासा.
शटर सावकाश उघडलं, सावकाश मिटलं,
शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा
तेवढ्यात दोनदा फडफडला असेल.

ईरण्णानं स्क्रीनवर वाकून पाहिलं.
"अक्षरं आली की दोन्ही," तो म्हणाला.
मग म्हणाला, "माझा हात कुठं गेला?"

हाताच्या जागी
एक धुराची वाट होती, मनगटापासून पुढं.

"परत काढ. धरतो मी."
आणि शिडीवर त्यानं हात तसाच अधांतरी धरला,
श्वास रोखून,
पासपोर्टचा फोटो काढवून घेणाऱ्या माणसासारखा.
ब्रशच्या टोकाला रंग जमत गेला, जमत गेला.
हात हलला नाही.

थेंब पडला तो फोटोत कुठंच नाही.
माझ्या डाव्या बुटावर आहे,
निळा,
अजून.